बंद पडलेला जुना पॉवर टिलर: इंजिन खोलायचं की आधी दुसरं काही बघायचं?

सत्तरी_कुळागर:
नमस्कार मंडळी. वडिलांनी घेतलेला कामको कंपनीचा १२ एचपीचा पॉवर टिलर (मागून चालत हाकायचं नांगरणीचं यंत्र) आमच्याकडे आहे, आडव्या इंजिनवाला, हँडल मारून चालू करायचा. गाव गोव्यात, वाळपईच्या पुढे. बाबांचे गुडघे दुखायला लागल्यापासून तो गोठ्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभा आहे, मधे बरेच पावसाळे गेले. यंदा सरदीला (पावसाळी भाताला) आमची थोडी खेर म्हणजे भाताची जमीन स्वतः नांगरायची आहे कारण भाड्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत पाऊस पुढे सरकलेला असतो आणि आमच्या छोट्या कुणग्यांत (भाताच्या तुकड्यांत) मोठा ट्रॅक्टर वळतच नाही. शिवाय घरामागचं पोरसू आहे, माडांखालचं तण आहे, तेही जमलं तर करायचंय.

आत्ताची परिस्थिती अशी की हँडल फिरतं पण जड फिरतं, मेन क्लचची लिव्हर ओढली तरी क्लच सुटत नाही, डिझेलच्या टाकीत तळाला तपकिरी गाळ आहे आणि रोटरीचं (मागच्या माती कापणाऱ्या फिरत्या पात्यांचं) ऑइल काढून बघितलं तर दूध घातलेल्या चहासारखं निघालं. टायरला चिरा पडल्यात. एका मेकॅनिकला बोलावलं तर त्याने इंजिनला हातही न लावता सांगितलं की लायनर पिस्टन रिंगा असं इंजिनच्या आतलं सगळं नवीन टाकावं लागणार, इंजिन उतरवून द्या. खर्चाचा आकडा ऐकून घरचे म्हणतात भंगारात घाल आणि सबसिडीवर छोटा पेट्रोल टिलर घे. मला हे मशीन घालवायचं नाहीये, बाबांनी त्याच्यावर आमचं शेत उभं केलं. पण नुसत्या मायेपोटी पैसे ओतणंही बरोबर नाही. ज्यांनी अशी जुनी मशीनं चालवली किंवा दुरुस्त केलीत त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

डिचोली_डिझेल:
इंजिन खोलू नको. निदान अजून तरी नको. आपल्याकडे उभं राहिलेलं मशीन झिजून मरत नाही, पाण्याने मरतं. वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, तुमच्या सत्तरीत तर त्याहून जास्त, आणि हवेतला ओलावा ताडपत्रीखाली कोंडून राहतो. म्हणून आधी पाणी कुठे कुठे शिरलंय ते शोध आणि मगच लायनरचा विचार कर.

पहिलं काम, इंजिनचं ऑइल खालचा बोल्ट काढून भांड्यात घे. आधी पाणी आलं आणि मग ऑइल, तर समज की आत ओलावा साठलाय. नुसतं काळं ऑइल आलं तर उत्तमच. मग एअर क्लीनर उघड, त्याच्या वाटीतलं ऑइल फेकून दे, वाटी रॉकेलने किंवा डिझेलने धू आणि नवीन ऑइल खुणेपर्यंतच घाल, वर नको. सायलेन्सर सोडव आणि आत बघ, कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असणार, उंदरांनी सुकं गवत कोंबलेलं पण मी पाहिलंय. एवढ्यानेही इंजिन चालू होत नाही आणि लोक डिझेलचा पंप खोलत बसतात.

आता जड फिरण्याबद्दल. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढ, त्या भोकातून थोडं इंजिन ऑइल आत सोड आणि रात्रभर ठेव. सकाळी फ्लायव्हील (इंजिनचं बाजूचं जड चाक) हाताने पुढे मागे हलव, जोर लावून एकदम फिरवू नको, रिंग लायनरला गंजाने चिकटली असेल तर तुटते. हळूहळू सुटत जातं. मोकळं झालं की नोझल न लावता हँडलने फिरवून जादा ऑइल बाहेर काढून टाक, नाहीतर चालू करताना ते पिस्टनवर अडकून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब बघायला गेज लागत नाही. नोझल बसवून डिकॉम्प्रेशनची लिव्हर (चालू करताना दाब सोडायची) सोडलेली ठेव आणि फ्लायव्हील हळू फिरव, पिस्टन वर आला की त्याने तुझा हात मागे ढकलला पाहिजे. ढकलला तर इंजिन जिवंत आहे, ओव्हरहॉल विसर. सहज पलीकडे गेलं तर आधी व्हॉल्व्ह बघ. बरेच दिवस उभ्या इंजिनात कुठला तरी एक व्हॉल्व्ह थोडा उघडा राहिलेला असतो आणि त्याच्या बैठकीवर गंज धरतो. हेड काढून व्हॉल्व्ह घासून बसवणं हे लायनर पिस्टनच्या मानाने फारच किरकोळ काम आहे. काही जण सांगतील सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाक, कॉम्प्रेशन वाढलं तर रिंगा गेल्या म्हणून समज. उभ्या इंजिनात ही परीक्षा चालते, तुझं इंजिन आडवं आहे, ऑइल खालच्या बाजूला जाऊन बसतं आणि वरची बाजू कोरडीच राहते, त्यामुळे त्या एका परीक्षेवर विश्वास ठेवून पैसे खर्च करू नको.

डिझेलची टाकी उतरवून आतून धू. फिल्टर नवीन घाल, तिथे काटकसर नको, कारण तो तपकिरी गाळ पंपात गेला तर खर्च वाढेल. मग एअर म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा काढ, आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू दे, मग पंपाकडचा, शेवटी नोझलच्या पाईपचा नट ढिला ठेवून हँडल मार, डिझेल फुटफुट करत आलं की आवळ. आवळल्यावर हँडल फिरवताना नोझल बोललं पाहिजे, चर्र असा बारीक आवाज येतो. आवाज नाही आला तर नोझल काढून टेस्टरवर दाखव. आणि नोझल बाहेर फवारत असताना समोर बोट धरू नको, तो फवारा कातडीतून आत जातो, मग जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

अजून एक. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, मुठीसारखा पलीकडून गुंडाळू नको. किक बॅक बसली, म्हणजे हँडलने उलटा झटका दिला, की अंगठा मोडतो.

पेडण्यातलो_शेतकार:
वरच्या भावाने इंजिनचं चांगलं सांगितलं, मी मागच्या भागाचं सांगतो कारण माझा जन्म चिखलात टिलर हाकण्यात गेला. आमची थोडी जमीन शापोरा नदीच्या बाजूला खाजनात (बांध घातलेल्या खारट जमिनीत) आहे, तिथे गोडं पाणी पण नाही आणि निव्वळ खारं पण नाही.

रोटरीचं ऑइल तू सांगतोस तसं दुधाळ आलं म्हणजे चेन केसमध्ये (रोटरी फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीत) पाणी गेलंय आणि ते बहुतेक रोटरी शाफ्टच्या सीलमधून गेलंय. नुसतं ऑइल बदलून चालवशील तर एका हंगामात बेअरिंग आणि चेन दोन्ही जातील. सील बदल, दोन्ही बाजूंचे एकदम. सील काढल्यावर शाफ्टवर बोटाचं नख फिरव, नख अडकेल एवढी खाच पडली असेल तर नवीन सीलही टिकणार नाही, शाफ्ट लेथवर देऊन ठीक करून घे. आणि शाफ्टला गुंडाळलेलं गवत, सुतळी, प्लास्टिकच्या पिशव्या रोज संध्याकाळी सोडवायची सवय लाव, सील फाडणारे तेच असतात, विशेषतः आता शेतात प्लास्टिक येतं त्याला सुमार नाही. चेन केस डिझेलने धुवून काढ, एक दिवस उघडी सुकू दे, मग ९० नंबरचं गिअर ऑइल. मेन गिअरबॉक्सचं ऑइल पण काढून बघ, तिथेही रंग तसाच असला तर चाकांच्या एक्सलचे सील आले.

ब्लेड लावताना नवशिके लोक गडबड करतात. ब्लेड डावी आणि उजवी असतात, धार फिरण्याच्या दिशेला पुढे यायला पाहिजे. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेव. उलटीसुलटी लागली तर मशीन एका बाजूला ओढतं, मधे माती न कापता राहते आणि तुझे खांदे रात्री झोपू देत नाहीत. बोल्ट चांगल्या ग्रेडचे घे, साधे बोल्ट दगडावर तुटतात.

टायरची चिंता आत्ता करू नको. चिखलणीला टायर लावतच नाहीत, लोखंडी केज व्हील लागतात, ती तुमच्याकडे पडवीत कुठेतरी पडलेली असणार, शोध. कुणग्यात पाणी बांधून दोन दिवस भिजू दे आणि मग उतर. पहिल्या पावसाच्या उत्साहात कोरड्यात रोटरी घातलीस तर वरच्या वर उडत राहील.

खाजनवाल्यांसाठी म्हणून लिहितो, खाऱ्या शेतातून मशीन बाहेर आलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायचं, रेडिएटरच्या जाळीसकट, आणि मग लिंकेजच्या सगळ्या जोडांना ग्रीस. आम्ही कोरगुट पेरतो, ते भात मीठ सोसतं, लोखंड सोसत नाही.

सत्तरी_कुळागर:
देव बरें करूं दोघांनाही. नोझल काढून ऑइल सोडलंय. इंजिनच्या खालून पाणी नाही आलं, फक्त काळं ऑइल. सायलेन्सरमध्ये खरंच मातीचं घर होतं, पूर्ण बुजलेला. केज व्हील माडाच्या झावळांखाली सापडली, गंजलीत पण सरळ आहेत. आता क्लचचं काय? आणि आमचं पोरसू उतारावर आहे, वरून खाली तीन मजगी (पायऱ्यांसारखे सपाट तुकडे) आहेत, तिथे हा नेता येईल का? बाबा म्हणतात उतारावर हँडल उलटं चालतं, मला ते नीट कळलं नाही.

फोंडा_माडबाग:
बाबा अगदी बरोबर सांगतायत आणि हे प्रत्येकाने नीट समजून घ्यावं कारण याच एका गोष्टीने माणसं जखमी होतात. टिलरच्या दोन्ही मुठींखाली स्टिअरिंग क्लचच्या लिव्हर असतात. सपाट जागेवर डावी दाबली की डाव्या चाकाची ताकद सुटते, उजवं ढकलत राहतं आणि मशीन डावीकडे वळतं. उतारावरून खाली जाताना इंजिन चाकांना ढकलत नसतं, उलट धरून ठेवत असतं. तिथे डावी दाबली की डावं चाक मोकळं सुटून जास्त पळतं, उजवं इंजिनने अडवलेलं असतं, म्हणून मशीन उजवीकडे वळतं. माणूस घाबरून तीच लिव्हर अजून जोरात दाबतो आणि मशीन बांधावरून खाली जातं. तीव्र उतारावर त्या लिव्हरना हातच लावायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये, कमी रेसवर, मुठी हाताने ढकलून दिशा द्यायची. उतारावर गिअर बदलायचा नाही, न्यूट्रल करायचं नाही, मेन क्लचची लिव्हर ओढून चाकांची ताकद तोडायची नाही. मजगीवरून मजगीवर जाताना रोटरी बंद. आणि मागे जाताना रोटरी चालू ठेवून रिव्हर्स कधीच घ्यायचा नाही, पाय सरकला तर ब्लेड तुझ्याच पायावर येतात.

क्लच सुटत नाही कारण प्लेटा ओलाव्याने एकमेकांना चिकटल्यात. काही लोक गिअर टाकून धक्का मारून सुटतो का बघतात, मला ती पद्धत पटत नाही, मशीन उडी मारतं. कव्हर काढ, प्लेटा एक एक करून बाहेर काढ, लोखंडी प्लेटवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घास, फ्रिक्शन प्लेटवर ऑइल ग्रीसचा हात लागू देऊ नको. जाडी शिल्लक असेल तर त्याच परत बसव. क्रम आणि दिशा तशीच. बेल्ट मात्र नवीन घे आणि सगळे एकदम, एकाच छापाचे. एक नवीन दोन जुने असं केलंस तर सगळा भार नव्यावर येतो आणि तोच आधी तुटतो. नंबर जुन्या बेल्टवर छापलेला असतो, पुसला असेल तर बेल्टच दुकानात घेऊन जा.

आता माझा थोडा वेगळा विचार. माडांखाली आणि सुपारीत रोटरी घालावी का? तुझं नाव कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, ते बघून विचारतो. सुपारीची मुळं वरच्या वरच पसरलेली असतात, कुळागरात रोटरी फिरवली की तण जातं पण मुळंही कापली जातात आणि झाडाचा दणका पुढच्या वर्षी दिसतो. मी तर कुळागरात टिलर नेतच नाही, तिथे ब्रश कटरने गवत कापून जागेवरच पसरतो. माडाला पण बुंध्यापासून साधारण ६ फुटांचं आळं सोडून बाहेरच फिरव, तेही वरवर. पोरसात भेंडी, काकडी, तांबडी भाजी लावायला वाफे करतोस तिथे बिनधास्त घाल. आमच्या बाजूला जमिनीत चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) खडे फार, ब्लेड भराभर झिजतात, तुमच्याकडेही तेच असेल. म्हणून ब्लेडचा एक संच चिखलासाठी चांगला ठेव आणि जुना झिजलेला पोरसासाठी.

आणि एक उपयोग कोणी सांगितला नाही. फेब्रुवारी ते मे हेच इंजिन पुलीवरून पंपाला जोड, पाटाचं पाणी वरच्या मजगीला चढवता येतं. फक्त उभ्या जागी तासन्तास चालताना रेडिएटरचं पाणी बघत राहायचं, चालत्या मशीनपेक्षा लवकर उतरतं.

पेडण्यातलो_शेतकार:
कुळागराबद्दल फोंड्याच्या भावाशी मी सहमत. माडांबद्दल नाही, आम्ही माडांच्या ओळींमधे वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या पिकाच्या) दिवसांत चवळी करतो आणि दरवर्षी टिलर फिरवतो, माड भरभरून धरतात. पण आमची जमीन रेताड आहे, तुमची जांभी, तेव्हा तू बुंध्यापासून लांब राहा.

सांगेची_सुनंदा:
सबसिडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नवीन यंत्राला केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत गटाप्रमाणे ४० ते ५० टक्के मदत असते, आपल्याकडे कृषी कार्ड लागतं आणि अर्ज विभागीय कृषी कार्यालयात. आधी जाऊन विचारा, यादीत कुठली मॉडेलं आहेत ते बघा, मगच दुकानात जा, उलट क्रमाने गेलात तर पैसे अडकतात. पण एक सांगते, तो छोटा पेट्रोल टिलर आणि तुमचा १२ एचपीचा यांची बरोबरी लावूच नका. आमच्याकडे दोन्ही आहेत. छोटा मी एकटी उचलून वळवते, वाफे करायला, मिरचीच्या ओळीत तण काढायला फार सोयीचा. पण गुडघाभर चिखलात तो दम टाकतो. चिखलणीला वजन लागतं, मागे ओढणारी ताकद लागते, ती डिझेलवाल्यातच आहे. तुमची भातशेती आहे ना, मग जुना दुरुस्त करा. दोन तीन वर्षांनी हातात पैसे आले की पोरसासाठी छोटा घ्या.

स्पेअर्सची भीती बाळगू नका. कामको ही केरळ सरकारची कंपनी, १९७३ पासूनची, दुसरीकडे बंगळूरची व्हीएसटी १९६७ पासून मित्सुबिशीच्या धर्तीचे टिलर बनवत आली. या दोन घराण्यांचीच मशीनं दक्षिणेत इतकी वर्षं भाताच्या शेतात आहेत, त्यामुळे रिंगा, सील, नोझल, बेल्ट मिळून जातात. फक्त एकाचे पार्ट दुसऱ्याला बसत नाहीत, म्हणून इंजिनवरच्या पट्टीचा फोटो फोनमध्ये ठेवा. इथे फोंडा मडगावला नाही मिळालं तर आम्ही बेळगावहून मागवतो, लेथचं आणि पंपाचं कामही तिथे चांगलं होतं.

हंगाम संपल्यावर कसं ठेवायचं तेही तितकंच महत्त्वाचं. टाकी डिझेलने काठोकाठ भरून ठेवायची, अर्धी ठेवली की वरच्या रिकाम्या जागेत दव धरतं आणि तळाला पाणी साचतं. खाली फळ्या किंवा चिरे देऊन मशीन मातीवरून वर घ्यायचं. ताडपत्री अंगाला चिकटून नको, वर बांबू लावून हवा खेळती ठेवायची. क्लचची लिव्हर ओढून अडकवून ठेवायची म्हणजे प्लेटा सुट्या राहतात. महिन्यातून एकदा हँडल फिरवून पिस्टन वर दाब लागतो त्या जागी आणून थांबायचं, तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, सिलिंडरमध्ये ओली हवा जात नाही. आमच्या घरी हे काम माझ्या सासूबाई करतात, अमावास्येच्या दिवशी, म्हणजे विसरायला होत नाही.

सत्तरी_कुळागर:
काल सुरू झाला!! कॉम्प्रेशन हाताला चांगलं लागत होतं, नोझल दाखवून आणलं, टाकी धुतली, फिल्टर नवीन, एअर काढली आणि बाबांनीच बाजूला बसून डिकॉम्प्रेशन धरलं, मी हँडल मारलं. आधी पांढरा धूर भरपूर, मग कमी होत गेला. क्लचच्या प्लेटा पण सुटल्या. सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं ओव्हरहॉलच्या आकड्याच्या पासंगालाही नाही लागलं.

एकच शंका. नवीन ऑइल खुणेपर्यंत भरलं होतं, थोडा थोडा वेळ करत दिवसभर चालवला, आज सकाळी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघितली तर ऑइल खुणेच्या वर आलंय. कमी होण्याऐवजी वाढलं कसं? चालवू का?

डिचोली_डिझेल:
चालवू नको. ऑइल कधी वाढत नसतं, त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय. डिपस्टिकवरचा थेंब बोटावर घे. दुधाळ असेल तर पाणी, म्हणजे हेड गॅस्केट किंवा लायनरच्या खालच्या रबर रिंगा. ते पडताळायला रेडिएटरचं झाकण काढून थंड इंजिन चालू करतात आणि पाण्यात एकसारखे बुडबुडे येतात का बघतात, पण ते आत्ता नाही, ऑइल बदलल्यावर. तुझं लक्षण ऐकून मला पाणी वाटत नाही. ऑइल पातळ झालं असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल पंपाचं एलिमेंट (आतला दट्ट्या) झिजलंय, गाळाचं डिझेल पडून राहिलं की ते घासलं जातं, आणि तिथून गळलेलं डिझेल सरळ खाली इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. मशीन बंद असतानाही उतरत राहतं कारण टाकी वर आहे.

पातळ ऑइलने बेअरिंग जातं हा एक भाग झाला. दुसरा जास्त वाईट, ऑइल फार वर आलं की इंजिन तेच ओढून जाळायला लागतं आणि रेस आपोआप वाढत जाते, डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. असं कधी झालं तर एअर क्लीनरच्या तोंडावर फळी किंवा ओलं गोणपाट दाबून हवा बंद करायची, हाताचा पंजा लावायचा नाही, आणि माणसांना बाजूला करायचं.

आत्ता टाकीचा कॉक बंद कर, ऑइल सगळं काढून टाक, पंप उतरवून बेंचवर दे आणि एलिमेंटबरोबर डिलिव्हरी व्हॉल्व्हही तपासायला सांग. पंप उतरवताना त्याच्या खाली पातळ पत्र्याचे शिम असतात, ते जितके निघतील तितकेच परत घाल, त्यांच्यावर टायमिंग अवलंबून आहे. पंप बसवून नवीन ऑइल भरलंस की डिपस्टिकवर खूण करून एक रात्र कॉक उघडा ठेवून नुसता उभा ठेव आणि सकाळची पातळी इथे लिही.